मिरचीच्या मलमाची पातेली

माझ्यात दूध तापवू नका, एवढं आधीच सांगून ठेवते. चहा तर मुळीच करू नका. मित्रांनो, मी एक जुनी एनॅमलची पातेली आहे. पांढरी, निळ्या काठाची आणि एका कानाची. माझ्या बुडाचे तीन टवके उडाले आहेत आणि आतून मी नारिंगी पडले आहे. हा रंग घासून जात नाही, तिखटपणाही जात नाही. पण मला त्याची लाज वाटत नाही. तो माझ्या अंगी कसा मुरला, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याला आकार दिला, पांढऱ्या लेपात बुचकळलं आणि भट्टीत भाजलं. बाहेर आले तेव्हा अशी चकचकीत होते की कामगार माझ्यात तोंड बघून केस सारखे करत. दोन मुलांच्या आईने मला विकत घेतलं. मोठी मुलगी, धाकटा मुलगा. पुढची कितीतरी वर्षं मी त्यांचं दूध तापवलं. आई माझ्यात लाकडी चमच्याशिवाय दुसरा चमचा घालू देत नसे.

मुलं मोठी झाली, आई गेली, घरात स्टीलची भांडी आली. एकदा मी हातातून निसटून फरशीवर आपटले. माझा एक कान तुटला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्यात गंजके स्क्रू, वाळलेली गोंदाची नळी आणि कशाच्या तरी किल्ल्या येऊन पडल्या. अशी अकरा वर्षं गेली. मित्रांनो, भांड्याला रिकामं राहण्याचं दुःख नसतं. पण आपल्यात खिळे ठेवलेले फार लागतात.

माळ्यावरून मला स्वयंपाकघर सगळं दिसे. मुलगी आता बसमध्ये कंडक्टर झाली होती. आवाज असा खणखणीत, की घरातसुद्धा तिच्या तोंडून "पुढे सरका, पुढे सरका" निघून जाई. भाऊ लाकडाच्या वखारीत कामाला होता. ओंडक्याकडे नुसतं बघून तो अचूक माप सांगे, म्हणून वखारीत सगळे त्याला 'इंची' म्हणत. ताई मात्र चाळिशीतल्या या माणसाला अजून 'बाळ्या' म्हणूनच हाक मारी.

एका सकाळी वखारीतल्या राशीवरून ओंडका घरंगळला आणि इंचीच्या डाव्या पायावर आला. डॉक्टरांना पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तो कुबड्यांवर घरी आला. जखम भरली, टाके सुकले. सगळ्यांना वाटलं, सुटला बिचारा. पण एका दुपारी जेवता जेवता त्याने ताट बाजूला सारलं.

"ताई, डाव्या पायाचा अंगठा कोणीतरी पकडीत धरून पिळतंय."

"डाव्या?" ताईचा घास हातातच राहिला.

"हो. आता बोटंपण."

"अरे, तो पाय..."

इंचीने चोळायला हात खाली नेला. हात रिकाम्या हवेत गेला आणि तसाच थांबला.

त्यानंतर हे रोजचंच झालं. दुखायला लागलं की त्याचा चेहरा पांढराफटक पडे. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यातून नवा पाय करून आणला होता, पण तो बांधला की कळ दुप्पट होई, म्हणून पाय कोपऱ्यात उभाच राहिला. शेजारी म्हणाले, मनाचे खेळ आहेत. वखारीचा मुकादम भेटायला आला. माणूस वाईट नव्हता, पण तोही हसला.

"नाही त्या पायाला काय दुखायचंय रे? घरी बसून बसून असं होतं माणसाचं. हे बघ, मालकांनी ओंडके मोजायची जागा दोन महिने तुझ्यासाठी धरून ठेवलीय. दिवसभर उभं राहायचं काम आहे. जमत असेल तर ये, नाहीतर दुसरा माणूस घेतील."

मुकादम गेला. इंची भिंतीकडे तोंड करून बसला. ताई पाण्याची बादली घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवता ठेवता थबकली. त्याचा डावा पाय असता तर जिथे टेकला असता, बादली नेमकी तिथेच येत होती. तिने ती उचलली आणि वीतभर पलीकडे ठेवली. इंचीने ते पाहिलं. आणि माळ्यावरून मला कळलं, की ताईला आता पटलं आहे.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन हॉस्पिटलात गेली. परत येऊन डॉक्टरीणबाईंचं बोलणं ती भांडी घासताना मोठ्याने घोकत होती, म्हणून मलाही पाठ झालं. पाय गेला तरी त्याच्या नसा वर शिल्लक असतात आणि त्या मेंदूकडे खबर धाडत राहतात. दुखणं अगदी खरं असतं. मिरचीच्या अर्काचं एक मलम येतं, ते उरलेल्या पायाच्या टोकाला नियमाने लावलं तर त्या नसा काहींच्या बाबतीत थकून गप्प बसतात.

ते मलम चार दुकानांत मिळालं नाही. ताई पुन्हा बाईंकडे गेली. "मिरच्या माझ्या घरात आहेत. मीच करते."

बाईंनी डोक्याला हात लावला. "घरच्या मिरचीचा जोर मोजता येत नाही हो. कमीत कमी घाला. आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. त्याची जखम पूर्ण भरलीय म्हणून हो म्हणते, नाहीतर म्हटलं नसतं. हातमोजे घाला. फोड आला तर लगेच बंद करून माझ्याकडे या."

आणि मित्रांनो, त्या संध्याकाळी अकरा वर्षांनी माळ्यावर हात आला. "यात पुन्हा खायचं काही करता येणार नाही. ही जुनी पातेलीच बरी," ताई म्हणाली. किल्ल्या आणि स्क्रू खाली पडले.

पहिला घाणा पार फसला. ताईने मला थेट मोठ्या आचेवर ठेवलं आणि मूठभर सुक्या मिरच्या कडकडीत तेलात टाकल्या. मिरचीच्या धुराचा असा खाट उठला की तिन्ही मजल्यांवरची माणसं खोकत खोकत रस्त्यावर आली. वरच्या आजोबांनी ओरडून विचारलं, "कुणाला पळवून लावताय?"

दुसऱ्या वेळी आच मंद होती, पण ताईने डोळा चोळला. दुसऱ्या दिवशी तिने एका डोळ्यातून पाणी गाळत अख्खी फेरी तिकिटं फाडली. एका प्रवाशाने उठून तिला स्वतःची जागा दिली आणि म्हणाला, "जाऊ द्या बाई, काळ सगळं विसरायला लावतो." हे सांगताना ताई हसली आणि किती दिवसांनी इंचीही हसला.

तिसऱ्या वेळी तिला जमलं. मोठ्या भांड्यात पाणी गरम केलं, मला त्यात बसवलं, माझ्यात तेल आणि फक्त चार मिरच्या. तासभर मी नुसती कोमट होत राहिले. मग फडक्यातून गाळलं, मेण विरघळवलं आणि झाकणाच्या डबीत ओतलं. मनगटावर लावून ती घड्याळाकडे बघत बसली. चुरचुरलं, पण फोड आला नाही.

पहिला आठवडा भयंकर होता. दिवसातून तीनदा मलम आणि तीनदा आग. पाचव्या दिवशी इंचीने डबी भिरकावली. "एक दुखणं होतं, तू दुसरं आणून बसवलंस!"

ताईने डबी शांतपणे उचलून पुसली. "बाळ्या, तीन आठवडे म्हणालेत बाई. मी बावीस वर्षं चालत्या बसमध्ये उभी आहे. तू मला दमवू शकत नाहीस. पण नको असेल तर तसं सांग, मी सक्ती करणार नाही."

मग त्याने स्वतःच हातमोजा मागितला. त्या दिवसापासून मलम तो स्वतः लावू लागला.

दुखणं गेलं नाही, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? पण पकड सैल झाली. तीन आठवड्यांनी इंची म्हणाला, "आता पिळत नाही, नुसतं दार वाजवतंय." मग त्याने कोपऱ्यातला पाय बांधला. एकदा मलम न धुताच बांधला, तर घामाने अशी आग झाली की पुन्हा ती चूक केली नाही. आधी तो नळापर्यंत गेला. मग जिन्यापर्यंत. जिन्यावर दोनदा पडला आणि दोनदा उठला. ताई मदतीला धावली नाही. दोन्ही वेळा ती माझा काठ घट्ट धरून स्वयंपाकघरात उभी होती.

ठरलेल्या दिवशी तो ताईच्या बसने वखारीत गेला. पूर्ण दिवस उभा राहून त्याने एकशे चाळीस ओंडके मोजले. तिसऱ्या प्रहरी कळ आली तेव्हा तो खडू हातात धरून ती ओसरेपर्यंत थांबला आणि पुढच्या ओंडक्याकडे वळला. मुकादमाने सगळं पाहिलं. घरी सोडायला तो स्वतः आला आणि दारातच म्हणाला, "मी हसलो होतो. चुकलं माझं."

यालाही आता पाच वर्षं झाली. मी अजून आहे. पण एक सांगायचं राहिलं.

गेल्या महिन्यात ताईने तिच्या बसच्या ड्रायव्हरला घरी आणलं. इंजिनाच्या पंख्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. धिप्पाड गडी, पण पट्टी बांधलेला हात टेबलाखाली लपवून बसला होता. "काही नाही, बरा आहे," एवढंच बोले. ताईने नजरेने भावाला खुणावलं.

इंची त्याच्यासमोर बसला आणि साध्या आवाजात म्हणाला, "कुठलं बोट दुखतं? राहिलेलं की गेलेलं?"

ड्रायव्हर बघतच राहिला.

"गेलेलं," तो म्हणाला. "घरी कोणाला सांगितलं नाही. वेडा म्हणतील."

"मी नाही म्हणणार. सांग."

तो तासभर बोलत होता. त्याची जखम अजून ओली होती, म्हणून मलमाचं नाव कोणी काढलं नाही. ताईने फक्त डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. मी खिळ्यावर नुसती टांगलेली होते. तरी जाताना त्या माणसाने पट्टीचा हात उघडपणे वर करून निरोप घेतला.

मित्रांनो, मिरची जपून हाताळा, मोजून वापरा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. पण कोणी "दुखतंय" म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. विश्वास ठेवायला हातमोजे लागत नाहीत.