डावी दांडी कौशल्याबाईंची

स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी दोन दांड्यांचं काळं काहीतरी पडलेलं दिसतं ना, ते मीच बोलतोय. घरात कुणी नवं आलं की मला उचलतं, उलटंपालटं करतं आणि विचारतं, हे काय हाये? मी चारचाकी गाडीचा स्विच आहे. स्टिअरिंगच्या मागे बसून उजव्या दांडीने इंडिकेटर आणि दिवे लावायचे, डाव्या दांडीने काच पुसणारा वायपर फिरवायचा, हे माझं काम. गाडी अजून अंगणात उभी आहे. मी मात्र इथे आहे.

माझा जन्म कारखान्यातला. अंग प्लास्टिकचं, पोटात पितळेच्या बारीक पट्ट्या. तिथल्या एका मुलीने माझ्या दोन्ही दांड्या वर-खाली केल्या, कानाजवळ धरून खटका ऐकला आणि मला पुढे सरकवलं. तिचा चेहरा नीट पाहायच्या आतच मी निघालो.

माझा पहिला मालक खामगावचा एक साहेब. तो वळताना खिडकीतून हात बाहेर काढायचा, जणू मला त्रास नको म्हणून. माणसं अशीच असतात. कुणी माझ्याकडे पाहतही नाही, कुणी बोलता बोलता उगाच दांडी खालीवर करत बसतो, कुणी एकदा इंडिकेटर लावला की दहा मैल तसाच लुकलुकत जातो.

मग एका वर्षी मिरचीने हात दिला आणि शालिग्रामरावांनी ती जुनी पांढरी गाडी घरी आणली. मोताळ्याजवळ त्यांचं गाव, थोडं शेत, त्यात मिरची, वांगी, कोथिंबीर. डोक्याचे केस पिकायला लागल्यावर ते गाडी शिकले, म्हणून फार जपून चालवायचे. मागे कोंबडीशिवाय कुणी नसलं तरी स्वतःच्या अंगणात वळताना साइड द्यायचे, म्हणजे इंडिकेटर लावायचे. गाडीत मागे भाजीची पोती आणि पुढे डाव्या सीटवर कौशल्याबाई. मला कोथिंबिरीच्या वासाची सवय झाली ती तेव्हापासून.

एकदा बुलढाण्याहून परतताना राजूरच्या घाटात पावसाची भुरभुर सुरू झाली. शालिग्रामरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट. काच पांढरी झाली तरी त्यांना हात सोडवेना. तेव्हा कौशल्याबाईंनी आपला उजवा हात लांब करून माझी डावी दांडी एक खटका खाली ओढली. बांगड्या माझ्यावर वाजल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही रस्ता पाहा. काच मी पाह्यते."

त्या दिवसापासून उजवी दांडी शालिग्रामरावांची आणि डावी बाईंची. पाऊस हलका असला की एक खटका, जोराचा असला की दोन. धुळीने काच मळली की पाण्याची चिळकांडीही त्याच उडवायच्या. शालिग्रामरावांना सांगावं लागत नसे आणि त्यांचा हात डावीकडे कधी येत नसे. संसारात कामं वाटली जातात तशी इथेही वाटली गेली होती.

पुढे पुण्याला हर्षलच्या घरी मुलगी झाली. हर्षल यांचा एकुलता मुलगा, तो आणि सून दोघंही नोकरीवाले. बाई बाळंतपणापुरत्या म्हणून गेल्या. मग नात लहान आहे म्हणून थांबल्या. मग त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि तिथल्या डॉक्टरसाठी थांबल्या. अशी तीन वर्षं गेली. नात आता बालवाडीत जायला लागली होती.

माझी उजवी बाजू या दिवसांत झिजली. दांडी वर केली की थांबेना, पडून जाई. एका संध्याकाळी मोताळ्याच्या फाट्यावर शालिग्रामरावांनी साइड दिली, ती लागलीच नाही, आणि मागचा मोटरसायकलवाला आदळता आदळता वाचला. ही गोष्ट कुणीतरी हर्षलला सांगितली.

या घरात मोबाइलची रेंज फक्त याच खिडकीत येते. फोन स्पीकरवर होता आणि गाडीचं दार उघडं होतं, म्हणून अंगणातून मला सगळं ऐकू आलं. हर्षल वाईट मुलगा नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं की आईचा गुडघा धड नाही, ती गावी राहिली तर तिला दर मंगळवारी बुलढाण्याला व्यायामासाठी न्यावं लागेल, बसची पायरी तिला चढवत नाही आणि घरची गाडी भरवशाची नाही. तेव्हा संक्रांतीला ती आठ दिवस येईल आणि परत जाईल. गाडी विकून टाका.

शालिग्रामराव हूं म्हणाले. मग गाडीत येऊन बसले, चावी न लावता. बाई इथे राहणार की नाही, हे आता माझ्यावर येऊन ठेपलं होतं, आणि माझ्यात जीव उरला नव्हता.

मोताळ्याच्या संघपाल मिस्त्रीने मलकापूरहून माझ्यासारखा नवा स्विच मागवला. तो आला, पण नेमका संघपाल बहिणीच्या लग्नाची बोलणी करायला उंद्रीला गेलेला आणि बाईंची रेल्वे दुसऱ्या दिवशी सकाळी नांदुऱ्याला येणार. शालिग्रामरावांनी मोटारपंपाचा स्टार्टर आजवर घरीच खोलला होता. त्यांनी अंगणात पोतं अंथरलं आणि पाने-स्क्रूड्रायव्हर मांडले.

संघपाल फोनवर सांगत होता, म्हणून ते पुन्हापुन्हा खिडकीशी जाऊन ऐकत आणि परत येऊन एकेक काम करत. आधी बॅटरीची वायर काढली. मग हॉर्नचं झाकण, मग मधला मोठा नट. स्टिअरिंग निघायच्या आधी त्यावर खडूने खूण केली, कारण संघपाल म्हणाला होता, "काका, जसं काढलं तसंच बसवजा. नाही तं गाडी नांदुऱ्याले निघन अन् पोहोचन उंद्रीले, माया सोयरिकीत."

शालिग्रामराव त्यावर हसले. फार दिवसांनी हसले.

कव्हरचे स्क्रू निघाले. माझ्या वायरी एकेक सुटल्या. इतकी वर्षं जिथे बसलो, तिथून मला दोन्ही हातांनी अलगद उचललं, फुंकर मारून धूळ उडवली आणि डाव्या सीटवर ठेवलं. बाईंच्या जागेवर. माझ्या जागी नवा बसला, काळाभोर, नव्या प्लास्टिकचा वास मारणारा.

स्टिअरिंग खुणेवर परत बसलं, बॅटरीची वायर जोडली, मग तपासणी. मागचा दिवा लागतो का पाहायला दुसरं माणूस घरात नाही. त्यांनी स्वयंपाकघरातली स्टीलची परात आणून मागच्या भिंतीला टेकवली आणि आरशातून तिच्यात पाहत साइड दिली. परातीत पिवळा उजेड लुकलुकला. उजवीकडे लुकलुकला, डावीकडे लुकलुकला. दांडी थांबली, पडली नाही. त्यांचे डोळे भरून आले असावेत, कारण ते बराच वेळ परातीकडे पाहत राहिले.

आणि मला सीटवरून दिसत होतं की वायपरच्या वायरी जोडायचं पांढरं कपलर खाली तसंच लोंबतं आहे. ते जोडायचं राहून गेलं. डावी दांडी हलवून पाहिली असती तर लगेच कळलं असतं. पण डावीकडे त्यांचा हात गेलाच नाही. मी ओरडू शकत असतो तर त्या दुपारी ओरडलो असतो. त्यांनी कव्हर लावलं, स्क्रू आवळले, मला उचलून या खिडकीत ठेवलं आणि उद्यासाठी गाडी धुवायला घेतली.

सकाळी धुकं असं दाटलं की अंगणातला कडुलिंब दिसेना. गाडी त्या पांढऱ्यात शिरली, वळताना साइड दिल्याचं दिसलं आणि मग नुसता आवाज राहिला, तोही विरला.

वाट पाहणं मला नवं नव्हतं. पण पूर्वी मी त्यांच्यासोबत वाट पाहायचो. त्या दिवशी पहिल्यांदा एकटा होतो. चूल थंड, बरणी गप्प. उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली आली, तेव्हा कुठे गाडी आली.

आधी बाईंचा आवाज आला. इतक्या दिवसांनी ऐकला तोही रागातला. नांदुऱ्यापासून काचेवर दव धरत होतं, त्यांनी सवयीने दांडी ओढली, तर काही हललं नाही. मग सगळ्या रस्त्याने थांबून थांबून शालिग्रामराव खाली उतरायचे आणि फडक्याने काच पुसायचे. येणारेजाणारे पाहून हसले म्हणे. शालिग्रामराव काठी देऊन त्यांना उतरवत होते आणि खाली मान घालून ऐकत होते.

"इतकं सारं खोललं, बसवलं," बाई म्हणाल्या, "अन् वायपर तेवढा लावून पाह्यला नाही काऊन?"

"थे तुयं काम हाये," शालिग्रामराव म्हणाले.

"मी नव्हती तं तीन पावसाळे गाडी कशी चालवली मंग?"

त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "पाणी आलं का थांबून जायचो. लिंबाखाली, नाही तं फाट्यावर. उघडलं का निघायचो. हात जात नव्हता तिकडं."

नंतर बाईंनी गाडीचं दार उघडलं आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून आपल्या सीटवर बसल्या. स्क्रूड्रायव्हर आणा म्हणाल्या. शालिग्रामरावांनी कव्हर सोडवलं, बाईंनी मोबाइलचा उजेड धरून आत बोटं घातली, आणि कपलर बसल्याचा खट् आवाज मला इथवर आला. वायपर कोरड्या काचेवर कुरकुरत फिरला. दोघंही त्याच्याकडे पाहत बसून राहिले. बंद कुणी केला नाही.

त्या आवाजातच शालिग्रामरावांनी विचारलं, "तुले जायाचंच हाये काय?"

आपल्या बायकोला त्यांनी असं काही विचारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. बाई उतरून घरात आल्या, चूल पेटवली, चहा ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. हर्षल होता. बाई खिडकीशी माझ्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या की पदर माझ्यावर आला. त्यांनी काही लपवलं नाही. इंडिकेटर चांगला लागतो, पण वायपरची वायर लावायला तुझे बाबा विसरले होते, मी लावली, असं सांगितलं. मला वाटलं, आता संपलं.

हर्षलचा आवाज चढला. "पाह्यलं? आई, अशा माणसाच्या भरवशावर तू तिथं राहणार कशी?"

"म्हणूनच राहते," बाई म्हणाल्या.

मग तिकडून नातीचा आवाज आला. बाईंनी एका हाताने खिडकीचा गज धरला. तिला सांगितलं की तुझी सुट्टी लागली की बाबांसोबत ये, आम्ही नांदुऱ्याला घ्यायला येऊ. हर्षलला म्हणाल्या, परतीचं तिकीट काढू नको. फोन ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या होत्या. नातीला सोडणं सोपं नव्हतं. दाराशी शालिग्रामराव चहाचे रिकामे कप घेऊन उभे होते.

आता दर मंगळवारी ते दोघं बुलढाण्याला जातात. मी खिडकीतून पाहतो. बाई आधी बसतात, मग ते. मधल्या माझ्या जागी नवा आहे, आणि त्याच्यावरही बांगड्या वाजत असतील. हेवा वाटतो, खोटं का बोलू? इतकी वर्षं त्या दोघांच्या मधोमध होतो. उजवीकडून एक हात, डावीकडून दुसरा. तसं बसणं पुन्हा मिळायचं नाही.

भंगारवाला गल्लीत येतो तेव्हा बाई मला पुढे करत नाहीत, पण माझा काही उपयोगही नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती. माझी उजवी बाजू गेली असली तरी डावी अजून चांगली आहे, दोन्ही खटके नीट लागतात. कुणाची अशीच जुनी गाडी असेल आणि वायपर अडला असेल, तर मला मागून न्या. संघपाल माझा डावा भाग सुटा करून बसवून देईल. मी मुकाट्याने काच पुसत राहीन, नव्या माणसाच्या, नव्या रस्त्यावर.

फक्त त्या गाडीत डाव्या सीटवर कुणीतरी बसणारं असावं.