कान नसलेला सोऱ्या

आश्विन सरत आला की ठाकुर्लीच्या त्या दोन खोल्यांतून भाजणीचा खमंग वास जिन्यापर्यंत उतरत असे, आणि त्यात मिसळलेला असे नुकत्याच कातलेल्या पितळेचा एक थंड, किंचित आंबूस दर्प. हे दोन वास एकत्र आठवले की बापूकाका डोळ्यांपुढे उभे राहतात. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात एकच पेन्सिल, आणि समोरच्याच्या हातांवर खिळलेली नजर. चेहऱ्याकडे ते क्वचितच बघत. माझ्या वडिलांचे हे धाकटे चुलतभाऊ. ऐंशीच्या दशकात ठाण्यातली इंजिनिअरची बरी चाललेली नोकरी सोडून त्यांनी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एक गाळा घेतला आणि चकल्या पाडायचे सोरे बनवू लागले. आमच्या घरात यावर पुष्कळ हसून झालं होतं.

काकांना एकाच गोष्टीचा ध्यास होता, वस्तूतून अजून काय काढून टाकता येईल. बाजारातल्या सोऱ्याबरोबर जाळ्यांची चळत मिळे. काका म्हणत, घरोघरी त्यातल्या चकलीच्या आणि शेवेच्याच वापरतात, बाकीच्या फडताळात धूळ खातात. म्हणून त्यांनी तेवढ्याच ठेवल्या. वस्तू कशी वापरायची हे सांगणारा कागद त्यांनी कधी छापला नाही, कारण समजावून सांगावं लागलं तर चूक वस्तू बनवणाऱ्याची, असं त्यांचं ठाम मत. धंदाही तसाच निर्मळ आणि निरलंकृत: एकच वस्तू, एकच आकार, एकच भाव. हे सगळं ऐकायला सुंदर होतं हो, पण मला कधीकधी त्यांचा भारी राग येई. घरातही ते असेच काटछाट करत. भिंतीवर तसबीर नको, बोलण्यात विशेषण नको. सुमनकाकू सणाला नवी साडी नेसून समोर आली तरी 'बरी आहे' एवढ्यावर विषय संपे, आणि ती बिचारी तेवढ्यानेही उजळून जाई.

नवा नमुना तयार झाला की दिवाळीआधी एका दुपारी बिल्डिंगमधल्या बायका त्यांच्याकडे जमत. भाजणी काकू भिजवी. उन्हाचा एक तिरपा पट्टा खिडकीतून परातीवर उतरलेला असे, बांगड्यांचा नि गप्पांचा किणकिणाट चाललेला असे, आणि काका कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून एकेकीचा हात निरखत. सूचना नाही, प्रश्न नाही. हात जिथे थबकेल तिथे अजून काम बाकी आहे, एवढंच त्यांचं शास्त्र. समोरच्या पाध्येवहिनी मोठ्या फटकळ. "बापूभावजी, बायकांचे हात काय निरखून बघताय? सुमन इथेच बसलीय हं!" म्हणायच्या, आणि सगळ्या खो खो हसत. काका मात्र हसत नसत. त्यांची नजर ढळतही नसे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सोऱ्याचे कान काढले. सोऱ्याच्या वर पिळण्यासाठी जी आडवी मूठ असते, तिच्या दोन टोकांना बायका कान म्हणत. ते कान डब्यांत अडकतात, वाकतात, जागा खातात, हे काकांना बरीच वर्षं सलत होतं. त्या जागी त्यांनी एक गुळगुळीत गोल चकती बसवली. झळझळीत पितळेचा तो सोऱ्या फुलपात्रासारखा दिसे. कुठे कोपरा नाही, कुठे खाच नाही. इतकं निष्कलंक काही माणसाच्या हातून घडतं याचं मलाही कौतुक वाटलं होतं. प्रत्येक नमुना आधी काकूच्या हातात जाई, तसा हाही गेला. तिनं स्वयंपाकघरात एकटीनं तो वापरून पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाली, "छान झालाय."

त्या दुपारी सगळ्यांचे हात लोण्यातून फिरावेत तसे फिरले. एकही थबकला नाही. काका चक्क स्टुलावरून उठले, आणि मी त्यांना पहिल्यांदा मोकळेपणी हसताना पाहिलं. चकल्या तेवढ्या बिघडल्या होत्या. काटा धरला नव्हता, तेल प्यायल्या होत्या, उचलल्या की मोडत होत्या. "अगं सुमन, आज काय झालं तुझ्या हाताला?" वहिनींनी विचारलं. "माझंच पाणी जास्त पडलं," काकू म्हणाली. काकांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. चकली ही स्वयंपाकघरातली बाब, तिच्याकडे कशाला बघायचं!

गाळ्यातलं होतं नव्हतं तेवढं पितळ त्यांनी त्या एका नमुन्यात ओतलं. दिवाळीच्या तोंडावर ठाण्यातले भांडीवाले एकामागून एक माल परत करू लागले. त्यांतला एक तर काकांना तोंडावर म्हणाला, "साहेब, वस्तू देखणी आहे, म्हणाल तर शोकेसमध्ये ठेवतो. पण बायकांना चकल्या पाडायच्यात ना! फिरतच नाही हा."

वडिलांनी दिलेला फराळाचा डबा घेऊन मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते. बाहेर दिवेलागण झालेली, कारखान्यांकडून येणारा रसायनांचा उग्र वास हवेत साकळलेला, जिन्यात कुणीतरी रांगोळी काढत होतं. काका चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सुमन, नेहमी भिजवतेस तशी भाजणी भिजव. आणि माझ्यासमोर पाड."

तिनं नेहमीसारखं घट्ट पीठ भिजवलं, सोऱ्यात भरलं, चकतीवर बोटं ठेवली. हात थबकण्याचा प्रश्नच आला नाही, कारण तो हललाच नाही. बोटांचे सांधे सुजून लिंबाएवढे झालेले, कातडी ताणून चकाकत असलेली. किती महिने ती पहाटे कढत पाण्यात बोटं शेकत होती, कुणास ठाऊक. त्या दुपारी तिनं पीठ मुद्दाम सैल भिजवलं होतं. म्हणूनच सगळ्यांचे हात फिरले होते.

"तुम्ही रात्रंदिवस त्याच्या मागे होतात," ती खाली मान घालून म्हणाली. "मला वाटलं, खोट माझ्या बोटांत आहे. ती तुमच्या सोऱ्यात कशाला काढू?"

काका रागावतील असं मला वाटलं. ते खाली बसले, पिठानं माखलेला तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट उलटंसुलटं करून पाहू लागले. साऱ्या बिल्डिंगचे हात पाहिलेल्या त्या माणसानं हा एक हात कधी पाहिलाच नव्हता. मला तिथे उभं राहवेना. मी डबा ओट्यावर ठेवला आणि निघून आले.

गाळा पुढे विकावा लागला. काका ठाण्यात कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून जाऊ लागले; कुठल्याही वस्तूबद्दल त्यांनी पुन्हा मत दिलं नाही. काकूची बोटं वाकत गेली, मग मनगटं, मग चालणं. दशक संपता संपता एका पावसाळ्याच्या शेवटी ती गेली.

त्यानंतर मी ठाण्यातल्या वर्तकनगरहून, माझ्या घरून, अधूनमधून जात राहिले. काका साठीतले, एकटे. एकदा गेले तर शेगडीवर दूध उतू जाऊन वाळलेलं, पाण्याची वेळ टळून बादल्या रिकाम्या, सदऱ्याचं बटण तुटलेलं, आणि काका खोलीच्या मध्यभागी हताश उभे. मला पाहून म्हणाले, "अगं, हे घर इतकं सोपं कसं चालायचं गं?"

मला रडू आलं. माणूस असतो तोवर त्याचे कष्ट दिसत नाहीत, दिसतो तो नुसता सुरळीत मावळलेला दिवस. आणि माणूस गेला की तेच दिवस एकेक करून अडू लागतात, तेव्हा कुठे कळतं की ते आपोआप कधी सरतच नव्हते, कुणीतरी दुखऱ्या हातांनी ते पुढे सरकवत होतं.