सहावा ठिपका

मित्रांनो, मी एक जुने, तबकड्या घासायचे यंत्र आहे. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काही येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही सिनेमा पाहता तो फोनवर, नाहीतर टीव्हीचे बटण दाबून. तुमचे आईबाबा तुमच्याएवढे होते तेव्हा सिनेमा चकचकीत तबकडीवर यायचा. तिला सगळे सीडी म्हणत, आणि ती दुकानातून एका दिवसाच्या भाड्याने आणावी लागायची. भाड्याची वस्तू लोक कशी वापरतात, ते तुम्हाला सांगायला नको. तबकडीवर ओरखडे पडायचे आणि ते काढायचे काम माझे होते. आता मी फार दमलो आहे, तेव्हा सावकाश सांगतो. मध्येच थांबलो तर चिडू नका.

एका कारखान्यात दोनशे भावंडांबरोबर माझा जन्म झाला. अंगाने मी बुटांच्या खोक्याएवढा. वर झाकण, आत दोन गोल गाद्या, बाजूला पाण्याची छोटी बाटली आणि पुढे एक हिरवे बटण. औषधांचे दुकान आणि किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी यांच्या मधोमध एक चिंचोळे दुकान होते, तिथे मी आलो. दुकानदाराला सगळी मुले सीडीकाका म्हणत. काकांनी मला गल्ल्यामागच्या फळीवर बसवले, प्रेमाने थापटले आणि माझे नाव ठेवले 'घासोबा'. नावावरूनच मी ओळखायला हवे होते की इथे आराम नाही.

माझ्या कामातली एक गोष्ट तुम्हाला सांगतो. लोकांना वाटते, मी ओरखडा भरून काढतो. तसे नसते. ओरखडा खोल असतो, आणि मी त्याच्या आजूबाजूची सगळी चांगली जागा घासून त्याच्या पातळीला आणतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसेच हे. तबकडी बरी होते, पण दर वेळी थोडी पातळ होते. म्हणून काका घासलेल्या तबकडीच्या मधल्या भोकाजवळ काळ्या पेनाने एक बारीक ठिपका देत. दोनदा घासली की दोन ठिपके. पाच ठिपके झाले की त्या तबकडीला निवृत्ती. हा काकांचा नियम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता.

गिऱ्हाइकांचे काय सांगावे! कुणी तबकडीवर चहाचा कप ठेवलेला असे. कुणी ती पोराला खेळायला दिलेली असे. काही हुशार माणसे घरीच तिला टूथपेस्ट लावून घासत आणि होती नव्हती ती चमक घालवून, हात दाखवून अवलक्षण करून आमच्याकडे येत. विचारले की सगळ्यांचे उत्तर एकच.

"आम्ही तर हातसुद्धा लावला नाही हो!"

"मग सिनेमा काय दुरून नमस्कार करून पाहिलात?" काका विचारत आणि तबकडी माझ्या पोटात सरकवत.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. मला तर श्वास घ्यायला फुरसत नसे. "काका, तुमच्या घासोबाच्या हाताला गुण आहे," असे औषधवाला म्हणायचा, तेव्हा मात्र मला बरे वाटायचे. एवढी वर्षे झाली, पण ते वाक्य मी विसरलेलो नाही. आमच्यासारख्यांना कौतुक रोज कुठे मिळते?

मग घरोघरी सिनेमे तबकडीवाचून येऊ लागले. महिन्याची वर्गणी भरा आणि हवे ते, हवे तेव्हा पाहा. परत करायला जायची कटकट नाही, ओरखडा नाही, काकांची बोलणी नाहीत. काका सुरुवातीला म्हणत, "त्यात म्हणे हजार सिनेमे असतात. अहो, निवडता निवडताच झोप लागेल!" आणि एके दिवशी भर दुपारी गल्ल्यामागे बसून, फोन पेनांच्या डब्याला टेकवून, तेच काका तसलाच सिनेमा पाहताना किल्लीवाल्याला सापडले. त्यांच्या मुलीने वर्गणी भरून दिली होती म्हणे. किल्लीवाला पोट धरून हसला. काकाही हसले, पण मला काही हसू आले नाही.

खोटे कशाला बोलू? पहिले काही महिने मला विश्रांती मिळाल्याचा आनंदच झाला होता. नंतर कळले की विश्रांतीलाही दमायला होते. अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरे लागली. मला फळीवरून खाली, झाडूच्या शेजारी ठेवले. गाद्या वाळून कडक झाल्या. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण मी तिथेच बसून शिकलो. काकांवर माझा राग नाही. ज्याच्याकडे रोगीच येत नाहीत, त्या वैद्याला कोण विचारणार?

या महिन्यात काकांनी दुकान चष्मेवाल्याला द्यायचे ठरवले. परवाच्या रविवारी सगळ्या तबकड्या गोण्यांत भरल्या गेल्या. दाराला एक गोणी लावून ते उघडे ठेवले होते आणि थंडगार वारा सरळ आत येत होता. तेवढ्यात एक नर्सबाई आल्या. ड्यूटीवरून थेट आल्या असाव्यात, पांढऱ्या गणवेशावर स्वेटर होता. बरोबर त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी होती.

"काका, लहान मुलांचा तो जनावरांचा सिनेमा आहे का? कार्टूनचा. त्यात एक चिडकी बकरी आहे बघा."

"ताई, तो तर आता घरबसल्या दिसतो. कशाला सीडी शोधताय?"

"पाहिला मी. त्यात बकरी तीच आहे, पण आई नाही."

काकांना काही कळले नाही. मलाही कळले नाही. मग बाईंनी नीट सांगितले. त्यांची आई बसस्थानकावर गाड्या पुकारायची. आवाज खणखणीत. परभाषेतला तो सिनेमा आपल्या भाषेत आणला तेव्हा कुणीतरी तिला बकरीचा आवाज द्यायला बोलावले. साऱ्या सिनेमात बकरीला अकरा वाक्ये. आईने ती आठवडाभर घरात भांडी घासताना पाठ केली होती. पुढे घशाच्या दुखण्यात तिचा आवाज गेला. त्या वेळी घरात कुणाकडे फोनमध्ये टिपून ठेवायची सोय नव्हती. नंतरची बारा वर्षे ती पाटीवर लिहूनच बोलली, आणि गेल्या वर्षी गेली.

"हिने तर आजीचा आवाज एकदाही ऐकलेला नाही," बाई मुलीकडे पाहून म्हणाल्या. "म्हणून मी मुद्दाम वर्गणी भरली. चित्र काय स्वच्छ केलंय! पण आवाज सगळे नवे घातलेत. कुणीतरी कोवळी पोरगी बोलते बकरीचं. कंपनीला पत्र लिहिलं, तर उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे."

"मोलाचं आहे म्हणून जपून ठेवलं असेल," काका म्हणाले आणि कामाला लागले.

बांधलेल्या चार गोण्या त्यांनी पुन्हा सोडल्या. त्या सिनेमाची डबी सापडली, पण आत तबकडी नव्हती. बाईंचा चेहरा उतरला. काकांनी मात्र हार मानली नाही, कारण गिऱ्हाइके तबकडी भलत्याच डबीत घालून परत देतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते. एक तास गेला. शेवटी एका लढाईच्या सिनेमाच्या डबीतून बकरी बाहेर आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

काकांनी तबकडी उजेडात धरली. लहान मुलांचा सिनेमा तो, मांजरांनी खेळल्यासारखी तिची अवस्था होती. भोकाजवळ पाच ठिपके होते. त्यांनी ती दुकानातल्या टीव्हीवर लावून पाहिली. विसाव्या मिनिटाला चित्राचे चौकोन झाले आणि सगळे थांबले. बकरी अजून यायचीच होती.

"ताई, खरं तेच सांगतो," काका म्हणाले. "पाच वेळा घासून झाली आहे. आता घासली तर एक तर चालेल, नाहीतर हिला तडा जाईल. तडा गेला की संपलं. तुम्ही दुसरीकडे शोधा वाटल्यास."

"तीन दुकानं बघून आले. दोन बंद झालीत, तिसऱ्यात चहा मिळतो." बाई म्हणाल्या. "न बोलणारी सीडी जपून मी काय करू? न बोलणारी आई बारा वर्षं जपलीच की. घासा तुम्ही."

तेव्हा माझी आठवण झाली. झाडूमागून मला काढले, फुंकर मारली, गाद्या कोमट पाण्यात भिजवल्या. एका गादीची कड कडकच राहिली होती, ती काकांनी नखाने खरवडून मऊ केली. मग त्यांनी पेन घेतले आणि सहावा ठिपका दिला.

मित्रांनो, आयुष्यात हजारो तबकड्या मी घासल्या, पण कधी घाबरलो नाही. फुटली तर दुसरी येईल, असेच वाटायचे. त्या दिवशी मी घाबरलो. आपल्याच हातून एखाद्याच्या आईचा आवाज पुसला गेला तर? बटण दाबले तेव्हा माझी मोटर कण्हली. काका मला दहा दहा सेकंदच चालवत, थांबवत, तबकडी गरम झाली का ते गालाला लावून पाहत, आणि पुन्हा आत ठेवत. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. शेवटी माझ्यातून जळका वास आला आणि मी बंद पडलो. पण तबकडी शाबूत होती.

काकांनी ती लावली. मुलीने आईचा फोन टीव्हीसमोर धरला आणि टिपायला सुरुवात केली. विसावे मिनिट आले. चित्र अडखळले, चौकोन झाले. मग चौकोन विरघळले आणि सिनेमा पुढे चालू लागला. पडद्यावर झोपडीत एक म्हातारी बकरी बसली होती. करडू धावत आत आले, आणि बकरी कडाडली.

"आधी दार लोटून घे! बाहेरचा वारा काय पाहुणा आहे, आत बोलवायला?"

नर्सबाई चटकन उठल्या. पायाने गोणी आत ओढली, दुकानाचे दार लोटले आणि मागे वळून म्हणाल्या,

"लोटलं गं आई."

मग त्या तिथेच उभ्या राहिल्या. आपण काय केले ते त्यांना आता कळले होते. काका टीव्हीकडे पाहत राहिले. बकरी तिची उरलेली दहा वाक्ये बोलली, साऱ्यांवर ओरडली, करडाला गिळगिळीत पाला खायला लावला आणि पडद्याआड गेली. थोड्या वेळाने चित्र पुन्हा थांबले, ते कायमचेच.

"आई, मध्ये तुझा आवाज आलाय," मुलगी कुरकुरली. "दुसऱ्यांदा काढायला पण येणार नाही आता. तेवढा कापून टाकू?"

"नको," बाई म्हणाल्या. "राहू दे."

त्या गेल्यावर मुलीचे शब्द दारातून ऐकू आले, "म्हणजे आजी ओरडायची?" आणि बाई हसत हसत म्हणाल्या, "अगं, अख्खं बसस्थानक उभं राहायचं!"

उद्या मला भंगारात नेतील. त्याचे मला फार वाईट वाटत नाही, कारण मोटर जळली आहे आणि दमलोही आहे. ज्या फोनने माझे काम घालवले, त्याच फोनमध्ये आता तो आवाज सुखरूप आहे, हेही मी कबूल करतो. माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. वस्तू कुणाचीही असो, भाड्याची असो, कडेने धरा आणि जपून वापरा. आणि मित्रांनो, तुमच्या घरातल्या माणसांचे आवाज आजच टिपून ठेवा. वाढदिवसाचे गोड गोड आवाज सगळेच टिपतात. तुम्ही त्यांचा तुमच्यावर ओरडतानाचा आवाज टिपा.