कासऱ्यासारखी पारखून घेतलेली केबल

पुनमच्या लॅपटॉपचा चार्जर सकाळीच जळाला आणि दुपारी तिची ऑनलाइन मुलाखत. पुण्याच्या कंपनीतली नोकरी.

"बाबा, टाइप-सी चार्जर लागंल, पासष्ट वॅटचा. केबलबी तेवढं पेलणारी पाहिजे. मी येऊ का?"

"तू तयारी कर," मी लेकीला म्हणालो. फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेल्या बापाला वॅट कुणी शिकवायचे?

जवळा बाजार गावात त्या दिवशी आठवडी बाजार. गुलाबचंदच्या मोबाईलच्या दुकानात केबली लटकत होत्या. आमच्या घराण्यात बैलाचा कासरा घ्यायची रीत ठरलेली आहे: आधी ताणायचा, मग पीळ बघायचा, मग टोक दाताखाली धरायचं. मी तिन्ही केलं.

"सर, लावायची कशाला हाय?"

"तुला काय करायचंय? मजबूत दाखव."

"मंग ही न्या. बैल बांधला तरी तुटायची न्हाई."

चार्जर मी तळहातावर तोलून सगळ्यात जड तो घेतला. त्यावर वॅट लिहिलेले होते, पण अक्षर मुंगीएवढं आणि चष्मा घरी. 'जरा वाचून सांग' म्हणायचं होतं; बीएस्सी आडवी आली.

घरी चार्जर लावला. चार्जिंगची खूण उमटली. मी विजयी मुद्रेनं बायकोकडे, द्वारकाबाईंकडे पाहिलं. लॅपटॉपची बॅटरी मात्र उतरतच राहिली.

पुनमनं चार्जर उलटा करून वाचला. "बाबा, दहा वॅटचा हाय हा. मोबाईलचा."

"पण वजन बघ की!"

"तोलून आणला व्हय?" द्वारकाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "कांदे हायत का ते?"

मुलाखत सुरू होण्याआधीच लॅपटॉपनं डोळे मिटले. पुनमनं मुलाखतीसाठी माझा फोन उचलला. त्याचीही बॅटरी तळाला गेलेली, पण त्याला तो चार्जर बराबर पुरला. फोन डब्याला टेकवून उभा केला, तर ती मजबूत केबल त्याला ढकलून पालथा पाडू लागली. वाकायला तयारच नाही, खानदानी केबल. शेवटी मी टेबलाआड मांडी घालून बसलो आणि दोन्ही हातांनी फोन धरला.

पलीकडच्या साहेबांनी विचारलं, "ऐन वेळी अडचण आली तर काय करता?"

पुनमनं क्षणभर खाली माझ्याकडे पाहिलं. "सर, आधी अडचणीला एका जागी बसवते. मग काम सुरू करते."

साहेब हसले, आणि पुढच्या फेरीची तारीख दिली. माझ्या हातांना मुंग्या आल्या होत्या. मी फोन हलू दिला नाही.