सव्वा सेकंदाची जागा

शिंप्याच्या हाताला खोड असते: शिवण संपली की लोंबणारा दोरा दिसता कामा नये. त्या खोडीनंच घात केला.

त्याची एकुलती एक लेक ठकी गेल्या वर्षी तापानं गेली. मागे उरला तो फोनवरचा, तिच्या आवाजातला एक निरोप. "बाबा, मला उशीर होईल. तुम्ही दोघं जेवून घ्या, वाट बघत बसू नका." त्यात रस्त्याची घरघर फार. ती काढता यावी म्हणून साठीतल्या या माणसानं वाचनालयाच्या माडीवरचा संगणक-संगीताचा वर्ग धरला. विशीतली पोरं ठेके बनवायची, हा कोपऱ्यात चष्मा पुसत बसायचा.

"काका, लेकीच्या लग्नाचं गाणं करताय?" एकानं हसत विचारलं.

"करतोय कसलं! उसवतोय," तो एवढंच म्हणाला.

घरघर निघाली. मग हातासरशी त्यानं सुरुवातीचा मोकळा तुकडाही छाटला, फाईल सेव्ह केली आणि ऐकू लागला. ठकी एकदम 'बाबा' म्हणाली. बोलण्याआधी तोंडानं हवा आत ओढायची तिची सवय. तो तुकडा मोकळा नव्हताच, त्यात तिचा श्वास होता. मूळ निरोप असलेला फोन तर केव्हाच भंगारात गेला होता.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना काका, आधी प्रत काढून ठेवा म्हणून," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"कापड एकदा कापलं की कापलं, बाई. जन्मभर तेच केलं."

बाईंचा आवाज खाली आला. "श्वास बनवता येतो. बघूया."

बाईंनी समजावलं: अगदी साधा स्वर म्हणजे एकच लहर. तिच्यावर दुप्पट, तिप्पट कंपनांच्या लहरी चढवल्या की आवाजाला रंग येतो. श्वासाला मात्र सूर नसतो. त्यासाठी सगळ्या लहरींची सरमिसळ, नुसती सळसळ घ्यायची, ती गाळायची आणि कशी चढेल, कशी विझेल ते रेषेनं आखायचं. शिंप्याला ती रेषा बाहीच्या गोलाईसारखी वाटली. दीड महिन्यात त्यानं एकतीस श्वास बेतले.

बायकोनं तो निरोप आजवर ऐकला नव्हता. धीरच होत नव्हता. एका दुपारी त्यानं वर्गाचा लॅपटॉप घरी आणला, तेव्हा शेंगा सोलत ती समोर बसली. "नुसते श्वास ना? लावा."

तिसऱ्यालाच म्हणाली, "अहो, हा तर सायकलचा पंप!"

"आणि हा?"

"हा कुणी दमलेला म्हातारा. तुम्हीच."

कितीतरी दिवसांनी ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. एकतिसावा संपल्यावर हळूच म्हणाली, "यात आपली ठकी नाही हो. पुसून टाका."

त्यानं एकेक पुसला. पण कापण्याआधी माप लिहून ठेवायचं, ही त्याची दुसरी खोड. वहीत छाटलेल्या तुकड्याचं माप लिहिलं होतं: सव्वा सेकंद. तेवढी जागा त्यानं निरोपाच्या आधी कोरी सोडली.

"आता तिला ऐकतेस?"

तिनं मान डोलावली. त्यानं बटण दाबलं. खोलीत काहीच वाजलं नाही, आणि त्या शांततेत बायकोनं तोंडानं हवा आत ओढली, किंचित अडखळत, थेट ठकीसारखी.

"बाबा, मला उशीर होईल..."

अर्धी सोललेली शेंग तिच्या हातातच राहिली. निरोप संपला तशी ती म्हणाली, "परत लावा."

त्यानं परत लावलं. तिनं घेतलेल्या श्वासाचं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी तिनं तो ठरवून घेतला असता.