डबल बेल

घंटीची दोरी माझ्या हातात होती आणि मी ती ओढत नव्हते.

परतूरहून जालन्याला निघालेली आमची गाडी वाटूर फाट्यावर उभी होती. खाली रस्त्यावर केळी पसरली होती आणि केळीवाला आमच्या धक्क्याने कलंडलेला गाडा सरळ करता करता आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्याला खरचटलंही नव्हतं, हे नशीब. ड्रायव्हरच्या सीटवर पुंजाराममामा इंजिन चालू ठेवून माझ्या घंटीची वाट बघत होते. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय एसटी हलत नाही. आमच्या हातात सत्ता म्हणाल तर एवढीच, एरवी आम्हाला कोण विचारतो?

"मास्तर, द्या की डबल," मामा आरशातून म्हणाले. कंडक्टरला मास्तर म्हणायची एसटीतली जुनी रीत. बाकीचे ड्रायव्हर मला मॅडम म्हणायचे. मामांनी मात्र मी बाई आहे म्हणून रीत मोडली नाही. मला ते फार आवडायचं.

मी पुढे गेले. "मामा, गाडा दिसला न्हाई का तुम्हाला?"

"मधीच आला तो. डाव्या अंगाला होता."

गाडा मधे आला नव्हता. तो बारा महिने त्याच जागी असतो, आणि मामा बारा महिने त्याच्याशेजारून अलगद गाडी काढतात. इतकी अलगद की केळीवाला केळी मोजताना मान वर करत नाही.

"थांबा, धूळ गेली वाटतं," असं म्हणत त्यांनी खाकी शर्टाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली, मान मागे टाकली आणि बाटलीचं तोंड पापणीला टेकवून थेंब पिळले. मळलेला हात, पुसट झालेलं लेबल. मी ती बाटली पूर्वीही पाहिली होती, पण माणूस तपकीर ओढतो तसं काहीतरी समजून सोडून दिलं होतं.

"हे कधीपासनं घालून राह्यलात?"

"सोनूबाईच्या मोतीबिंदूपासनं."

"मामींचं ऑपरेशन झालं तव्हा माझी लेक बालवाडीत होती मामा. आता शाळेत जाते."

"मंग काय झालं? डोळ्याचंच औषध हाय ना. बिलकुल गार पडतं."

आता मामांच्या डोळ्यांची गोष्ट सांगायला हवी. उभा जन्म धूळ, ऊन आणि गरम वारा खाऊन ते कायम लाल असायचे. मामांनी दारूला कधी हात लावला नाही. लग्नाच्या वरातीत ते लिंबू सरबत पिऊन लवकर घरी जाणाऱ्यांतले. पण लाल डोळ्यांचा ड्रायव्हर पाहून पॅसेंजरच्या मनात दुसरं काय येणार? एका हुशार तरुणाने मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढून तक्रार केली. चौकशीत मामांना सगळ्यांसमोर मशिनीत फुंकायला लावलं. मशीन काहीच बोललं नाही, पण मामांच्या मनाला ते लागलं ते लागलंच. त्याच सुमाराला मामींच्या ऑपरेशननंतरची अर्धी बाटली घरात उरली होती. मामांनी दोन थेंब घातले आणि सकाळी डोळे पांढरेशुभ्र. मग काय, बाटली संपली की रिकामी बाटली दुकानात दाखवायची आणि नवी आणायची. डॉक्टरची चिठ्ठी ना त्यांच्याकडे कुणी मागितली, ना त्यांनी लिहून घेतली.

"दवाखान्यात चला," मी म्हणाले. "तवर घंटी न्हाई."

"ओ बाई, आमचा काय गुन्हा?" मागून कुणीतरी ओरडलं. "तारीख हाय माझी कोर्टात."

मामांनी इंजिन बंद केलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, डोळ्याचा शेरा पडला का स्टेअरिंग जातं. पुढल्या साली रिटायर व्हायलोय. तवर सांभाळून घ्या. मला स्टेअरिंगवरनंच उतरायचंय."

ते काय मागत होते, ते मला ठाऊक होतं. ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला आमच्या डेपोत गाडीला झेंडूच्या माळा बांधतात, घरची माणसं गाडीत बसवतात, आणि तो ती गाडी स्वतः चालवत डेपोत आणतो. मामा या फेरीबद्दल वर्षानुवर्षं बोलत आले होते. माळा कुठून आणायच्या, सोनूमामींनी कुठल्या सीटवर बसायचं, सगळं ठरलं होतं. मामी कधी त्यांच्या गाडीत बसल्याच नव्हत्या. नवऱ्याच्या गाडीत फुकट मिरवायला त्यांना लाज वाटायची. शेवटच्या दिवशी बसेन, म्हणाल्या होत्या.

मी खाली गाड्याकडे पाहिलं. केळीच्या जागी एखादं पोर असतं तर? दोरी सोडून मी डेपोत रामकिसनला फोन लावला. तो गाड्या सोडणारा कंट्रोलर. त्याला सांगितलं, दुसरा ड्रायव्हर पाठवा, मामांची तब्येत बरी न्हाई.

मागून आलेल्या गाडीत मी पॅसेंजर बसवून दिले. दुसरा ड्रायव्हर येऊन आमची गाडी डेपोत घेऊन गेला, तेव्हा आम्ही दोघं पुढच्या गाडीने जालन्याला गेलो. मामा खाकी कपड्यात, खिडकीशी, मांडीवर हात ठेवून बसले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी बाटली हातात घेतली. "काका, औषध वाईट नाही. यात जंतू मारणारं औषध आहे आणि सूज उतरवणारं स्टिरॉईड. ऑपरेशननंतर आम्ही ते थोडे दिवस देतो, हळूहळू कमी करत बंद करतो, मधे डोळ्यातला दाब मोजतो. तुम्ही न मोजता घालत राहिलात. लाली गेली, पण आत दाब वाढला आणि नस सुकत गेली. दुखत नाही, म्हणून कळत नाही. कडेकडेचं दिसणं आधी जातं."

"मंग दाब उतरवा की."

"त्यासाठी दुसरे थेंब देते. ते रोज, न चुकता. राहिलं आहे ते सांभाळता येईल. गेलं ते येणार नाही."

मामांनी थोडा वेळ भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं. तो त्यांना अगदी खालच्या ओळीपर्यंत वाचता आला होता. "म्हंजी डावी बाजू न्हाई येणार," ते म्हणाले.

बाईंनी नव्या थेंबांची चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात दिली.

स्टेअरिंग गेलं. मामांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. "जालना गाडी फलाट दोनवर लागली हाय," असं माईकवर सांगायचं काम. दिवसभर ते दुसऱ्यांच्या गाड्या सुटल्याचं सांगत आणि प्रत्येक गाडी निघताना काचेतून मान वळवून ती फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत. मला मात्र ते मॅडम म्हणू लागले. "मॅडम, तुमची गाडी तीनवर हाय." इतकंच. मी केलं ते बरोबरच केलं, यात मला कधी शंका आली नाही. पण नव्या ड्रायव्हरमागे उभी राहून दोरी ओढताना मला ते "मास्तर" ऐकू येईनासं झालं, आणि त्याचं दुःख व्हायचं.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. डेपोत शाल, नारळ, फोटो, रामकिसनचं लांबलचक भाषण, सगळं झालं. माळा बांधायच्या का, हे कुणी विचारलं नाही, कुणाचं धाडस झालं नाही. सत्कार संपल्यावर मामांनी नळावर हात धुतले, बाकावर बसले, खालची पापणी ओढून बाटली डोळ्याला न लावता एकेक थेंब सोडला आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून डोळे मिटून बसून राहिले. सोनूमामी शेजारी शाल सांभाळत होत्या.

"या गाडीत बसायचं व्हतं मला," मामी हळूच मला म्हणाल्या. समोर आमची गाडी धुऊन उभी होती. तिची वेळ व्हायला अवकाश होता.

मी दार उघडलं. मामी पदर सावरत चढल्या आणि पहिल्या सीटवर बसल्या. मामा उठून आले. क्षणभर पायरीशी थांबले, मग पलीकडून वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. चावी नव्हतीच. त्यांनी शर्टाच्या बाहीने स्टेअरिंग पुसलं, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि समोर बघत राहिले.

मी दोरी धरली आणि दोनदा ओढली.

मामांचा हात गिअरवर गेला. त्यांनी मान पार खांद्यापर्यंत वळवून डावीकडचा आरसा शोधला, मग तो नाद सोडला.

"डावी बाजू बघा, मास्तर."

मी दारातून वाकून पाहिलं. धुतलेल्या गाडीचं पाणी तेवढं वाहत होतं.

"मोकळी हाय, मामा."

"हां," ते म्हणाले आणि तसेच बसून राहिले. मामींनी समोरचा दांडा घट्ट धरला होता.