डोंगराकडे अडलेली मान

मित्रांनो, मी एक जुना स्टँड आहे. कॅमेऱ्याचा. कॅमेरा नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे, कारण असली हकिगत कॅमेऱ्याने सांगायची अशी समजूत आहे. त्याला डोळा असतो. मला तीन पाय आहेत आणि वर एक फळी. आजवर जे काही पाहिले ते कॅमेऱ्याने पाहिले. मी फक्त हललो नाही. हे सोपे वाटते. तुम्ही वर्गात करून पाहा.

माझा जन्म १९५२ साली मद्रासमध्ये, जॉर्ज टाउनच्या एका गल्लीत झाला. एका सुताराने मला सागवानातून घडवले. पाय दुमडता येतील असे केले, टोकांना लोखंडी खिळे ठोकले आणि वरची फळी मागेपुढे झुकावी म्हणून तिला बिजागरी लावली. त्या बिजागरीचा एक लोखंडी स्क्रू आहे. तो आवळला की फळी, म्हणजे माझी मान, आहे तिथे थांबते. सुतार म्हणाला होता की पितळी स्क्रू मिळाला की बदलून देईन. अजून मिळालेला नाही.

माझे मालक सेतुमाधवराव नुंगंबाक्कमला एका सरकारी कचेरीत कारकून होते. घराणे तंजावरचे, मराठी बोलणारे, आणि ती मराठी ऐकून नागपूर-पुण्याहून आलेले लोक आधी हसत, मग काय म्हणालात म्हणून पुन्हा विचारत. रावांना फोटोचा नाद होता. मद्रासमध्ये काढण्याजोगा समुद्र होता, पण समुद्र सगळेच काढत. रावांना डोंगर हवा होता, आणि त्याला एक कारण होते.

ते कारण घरातच राहत असे. त्रिपुरसुंदरीबाई, रावांची आत्या. रावांची आई लवकर गेली म्हणून आत्याबाईंनीच त्यांना वाढवले. आत्याबाईंचे सगळे बालपण तंजावरजवळच्या एका सपाट खेड्यात गेले. तिकडे डोंगर नाही. उंच म्हणजे काय, तर तंजावरचे मोठे देऊळ. पुराण सांगणाऱ्याने हिमालयाचे वर्णन केले की त्या विचारत, "मोठ्या देवळाहून किती उंच?" पुराण सांगणाऱ्याला उंची सोडून बाकी सगळे माहीत असे.

१९५५ साली डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली दोन-तीन वर्षे टिकेल. आत्याबाईंनी डॉक्टरांचे आभार मानले. रिक्षात बसल्यावर त्या रावांना म्हणाल्या, "सेतू, तो बर्फाचा डोंगर तेवढा बघायचा राहिला रे."

गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरणेही जड जात होते. म्हणून राव म्हणाले, "मी घेऊन येतो."

"सरि," आत्याबाई म्हणाल्या. म्हणजे बरं. "बरीक राहुकाळात काही आरंभू नकोस."

मित्रांनो, तुमच्यापैकी जे मद्रासकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दिवसातला दीडेक तास इकडे राहूचा असतो. रोज वेळ वेगळी. कॅलेंडरवर ती छापलेली असते, आणि त्या वेळात कोणी नवे काम सुरू करत नाही. सोमवारी साडेसात ते नऊ. रावांना हे आत्याबाईंनी बाराखडीच्याही आधी शिकवले होते.

१९५६ च्या मे महिन्यात आम्ही निघालो. सोबत वसंतराव होते. हे रेल्वेत नोकरीला, साताऱ्याकडचे, मद्रासला बदलून आलेले, आणि त्यांनी रसमला आमटी म्हणायचे अजून सोडलेले नव्हते. हरिद्वारपर्यंत आगगाडी, मग मोटार, मग पाच दिवस पायी. वाटेत मी एका हमालाच्या पाठीवर होतो. शेवटी एका उघड्या माळावर पोचलो. माणूस नाही, झाड नाही, रात्री पाण्याच्या आवाजाशिवाय काही नाही. समोर चार मैलांवर एक शिखर असल्याचे नकाशा सांगत होता. तिथे फक्त ढग होता.

पाच दिवस ढग होता. मी पाच दिवस उभा होतो. सहाव्या दिवशी शिधा संपत आल्याने परत फिरायचे ठरले. तो सोमवार होता.

पावणेनऊ होऊन दोन मिनिटे झाली आणि ढग फाटला. मला डोळा नसल्याने जे झाले ते मी आवाजावरून सांगतो. वसंतराव बोलायचे थांबले. तसे पूर्वी कधी झाले नव्हते.

मग ते म्हणाले, "राव, काढा."

रावांनी फळी वर झुकवली, काळ्या कापडात डोके घातले, नेम धरला, फोटोची काचेची प्लेट बसवली. आणि मनगटावरचे घड्याळ पाहिले. "नऊ वाजूं देत."

"नऊ? का?"

"राहुकाळ आहे."

"अहो, आमच्याकडे राहू ग्रहणाला येतो आणि जातो. तुमच्याकडे रोज हजेरी लावतो? काम तर मद्रासला गाडीत बसलात तेव्हाच सुरू झालं. आता नवं काय आहे?"

राव थोडा वेळ विचार करून म्हणाले, "प्लेट नवी आहे."

वसंतरावांनी हमालाकडे पाहिले. हमालाने बिडी पेटवली. आठ वाजून सत्तावन्न मिनिटांनी ढग मिटला. नऊ वाजून एक मिनिटाने, शुभ वेळ पाहून, रावांनी फोटो काढला. त्या दिवशी माळावर माझ्याइतके निश्चल आणखी एक जण होते, ते म्हणजे राव. हमालाने मला पाठीवर घेतल्यावर मग ते हलले.

घरी आल्यावर फोटो धुऊन तयार झाला. आत्याबाईंनी तो खिडकीपाशी नेला, भिंग लावले आणि बराच वेळ पाहिला. तेव्हा त्यांची उजव्या डोळ्याची नजर अजून शाबूत होती.

"हा ढग आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"छान आलाय. डोंगर कुठं आहे?"

"मागं आहे." आणि मग रावांनी सगळे सांगितले. फोटो काढता काढता कोणाची शिकवण आठवली, तेही सांगितले.

आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, "तिथं दिवस उगवला कधी? मावळला कधी?"

ते रावांच्या वहीत होते. उजेडाचा अंदाज हवा म्हणून त्यांनी हरिद्वारच्या पंचांगातून वेळा उतरून घेतल्या होत्या. उगवला पाच वीसला, मावळला सातला.

"तेरा तास चाळीस मिनिटं," आत्याबाई म्हणाल्या. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना कागद लागत नसे. "त्याचे आठ भाग. सोमवारी दुसरा भाग राहूचा. सातला लागला, पावणेनऊला संपला. कॅलेंडरवाला सहा ते सहा दिवस धरून छापतो रे, त्याला काय. तिथल्या उन्हानं मोजायचं असतं. ढग कधी फाटला म्हणालास?"

रावांनी पान उलटले. वहीत ढगाचीही वेळ होती, आठ सत्तेचाळीस, आणि ती त्यांनी नीटनेटक्या अक्षरात लिहिलेली होती.

"ऐसं आहे तर," आत्याबाई म्हणाल्या आणि भिंग डबीत ठेवले. "मी शिकवलं, पण अर्धंच शिकवलं."

पुढच्या वर्षी रजा नामंजूर झाली. कारण निवडणुकीचे काम होते. निवडणूक झाल्यावर कारण तपासणीचे होते. आत्याबाईंचा उजवा डोळा मात्र कोणाच्या मंजुरीसाठी थांबला नाही. १९५८ च्या मे महिन्यात राव निघाले तेव्हा आत्याबाईंना कडेकडेने थोडा उजेड कळत होता, एवढेच. वसंतरावांची बदली झाली होती, म्हणून राव एकटेच होते. निघताना आत्याबाईंनी प्रत्येक वाराचा तिथला राहुकाळ तोंडी सांगून वहीत लिहून घ्यायला लावला.

तोच माळ, तेच चार मैल, तोच ढग. या वेळी तो तिसऱ्याच दिवशी, गुरुवारी दुपारी अडीचला फाटला. रावांनी वही उघडली. गुरुवारचा राहुकाळ एक बावन्नला लागत होता आणि तीन पस्तीसला संपत होता. तिथल्या उन्हाने मोजलेला, अगदी शास्त्रशुद्ध राहुकाळ.

रावांनी वही मिटून खिशात ठेवली. माझी मान वर झुकवली, स्क्रू आवळला आणि फोटो काढला. मग दुसरा काढला. मग तिसरा.

तिसऱ्यानंतर गारा आल्या. कॅमेरा कोटाच्या आत गेला. स्टँडसाठी कोट नसतो. मी भिजलो तसाच बांधला गेलो आणि मद्रासला पोचेपर्यंत तसाच बांधलेला राहिलो. सोडल्यावर पाय सरळ झाले, पण फळी झुकली होती तिथेच अडली. स्क्रू गंजला होता. राहूने सूड म्हणून एवढेच केले.

फोटो चांगला आला म्हणतात. एका प्रदर्शनात त्याला दुसरे बक्षीस मिळाले. जॉर्ज टाउनमधल्या एका कागदाच्या व्यापाऱ्याने तो कॅलेंडरवर छापला. शिखराच्या अगदी टोकावर दुकानाचे नाव घातल्यामुळे डोंगर जरा बुटका झाला. खाली बारीक अक्षरात राहुकाळाचे कोष्टक होते, सहा ते सहाच्या हिशेबाने.

राव तो फोटो तीन फूट मोठा करून घरी घेऊन आले. आत्याबाईंसमोर धरला. त्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. "खाली काळं आहे, वर पांढरं आहे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "नाही रे सेतू. मी तुला बरं वाटावं म्हणून बोलले. काही दिसत नाही."

राव फोटो भिंतीला टेकवून बसून राहिले. मग उठून त्यांनी मला कोपऱ्यातून आणले आणि आत्याबाईंच्या खुर्चीपुढे उभे केले. त्यांचा हात धरून माझ्या फळीवर ठेवला.

"हे काय?"

"कॅमेरा ह्यावर होता. डोंगराचं टोक बघायला तो एवढा वर झुकवला. मग स्क्रू अडकला. तेव्हापासून तसाच आहे."

आत्याबाईंनी तळवा फळीवर सपाट ठेवला. दुसऱ्या हाताने आपली हनुवटी चाचपली आणि चेहरा त्या तिरपेपणाला आणून थांबवला. समोर नुंगंबाक्कमच्या घराची भिंत होती आणि वर पंखा होता.

"मोठ्या देवळाच्या दारात ह्याहून वर बघावं लागतं," त्या म्हणाल्या.

"तिथं आपण पायाशी असतो."

"डोंगर किती लांब होता?"

"चार मैल."

आत्याबाई हिशेब करत होत्या हे मला तळव्यावरून कळत होते. बोटे किंचित हलत होती. "आमच्या शेताच्या बांधावरून मोठं देऊळ चार मैल," त्या सावकाश म्हणाल्या. "तिथून ते एवढं दिसायचं." त्यांनी दुसऱ्या हाताच्या करंगळीचे नख दाखवले. "त्याला मान वर करावी लागत नव्हती. आणि हा चार मैलांवरून एवढी करायला लावतो."

"हो."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही. नकाशात नुसता नंबर आहे."

"तुमच्या कचेरीतल्यासारखं," आत्याबाई म्हणाल्या. चेहरा त्यांनी खाली घेतला नाही. "अय्यो, केवढा आहे रे."

त्यानंतर पाच वर्षे त्या होत्या. मला त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवलेले असे. दुपारी जेवण झाले की त्या तळवा फळीवर ठेवून थोडा वेळ वर बघत बसत.

आता १९६७ साल आहे. नवा कॅमेरा हातात धरायचा आहे, त्याला स्टँड लागत नाही. माझ्यावर छत्री आणि ओले पंचे वाळत घातलेले असतात. पाहुणे फोटोची तारीफ करतात आणि छत्री माझ्यावर टांगतात. माझी तक्रार नाही. त्यासाठीही हलावे लागते.

दर वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, राव घरातली सगळी हत्यारे मांडतात. शिवणयंत्राला तेल घालतात, सायकलच्या साखळीला घालतात, कात्रीच्या खिळ्यालाही घालतात. माझ्यापाशी आले की गंध लावतात, कुंकू लावतात आणि तेलाची बुधली खाली ठेवतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे शेवटी सांगायचे असते. तेही सांगतो. जरूर राखा. पुसा, तेल घाला, गंज काढा. फक्त मी कधी तुमच्या हाती आलो तर माझ्या मानेचा तेवढा स्क्रू सैल करू नका. फळीवर हात ठेवून बघा.